लँकेस्टरच्या कालव्यावर पाच दिवस

छत्तीस वर्षे बँकेच्या खुर्चीवर बसून काढलेल्या माणसाने चौसष्टाव्या वर्षी हातात वल्ही घ्यावीत आणि इंग्लंडच्या उत्तरेकडील एका जुन्या कालव्यातून एकेचाळीस मैल होडी वल्हवत न्यावी, हे आमच्या बार्शीच्या नातलगांना अजूनही खरे वाटत नाही. सौभाग्यवतींना तर ते घडत असतानाही खरे वाटत नव्हते. पोहण्याची माझी विद्या लहानपणी मामाच्या विहिरीत कमरेला भोपळा बांधून मिळवलेली. त्यापलीकडे पाण्याशी माझा संबंध पाणीपट्टीपुरताच. तरीही गेल्या जून महिन्यात मी हा प्रवास केला. त्यामागे हौस होती तशी एक जोखमीची कामगिरीही होती, आणि ती माझ्या थोरल्या बंधूंनी माझ्यावर सोपवली होती.

आमचे दुकान भुसार मालाच्या आडतीचे. आजोबांनी काढले, अण्णांनी वाढवले, आणि आज भाऊ ते सांभाळतात. भाऊंचे वय एकाहत्तर. त्यांच्या दोन्ही मुली आपापल्या घरी सुखी आहेत. मी एम.कॉम. झालो आणि १९८३ साली बँकेत लागलो, तेव्हाच दुकानाच्या गादीवरून उठलो. उरला माझा एकुलता एक मुलगा. तो लँकेस्टरच्या विद्यापीठात शिकला आणि तिकडेच प्रेस्टन शहराजवळ एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. ही कंपनी देशोदेशींहून डाळी आणि धान्य आणते. भाऊंचे म्हणणे सरळ होते : "तो तिकडे धान्यच विकतोय ना? मग इथे का नाही? तू त्याला तोंडावर विचारून ये. फोनवर नको." निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हे दोनदा बजावले.

प्रेस्टनला पोहोचल्यावर पंधरा दिवस मी विचारू शकलो नाही. सकाळी तो घाईत असे, संध्याकाळी दमलेला. घरात नातवाचा गोंधळ. एके रविवारी त्यानेच विषय काढला, "बाबा, चार-पाच दिवस रजा घेतो. शेजाऱ्यांची होडी आहे, कालव्यातून टेविटफील्डपर्यंत जाऊ या. रात्री गावागावांत मुक्काम." शेजारी म्हणजे एक निवृत्त सुतार. त्यांनी स्वतःच्या हाताने चौदा फुटी लाकडी होडी बांधली होती. मी लगेच हो म्हटले. पाच दिवस आम्ही दोघेच असणार, हा हिशेब मनात होता.

लँकेस्टर कालव्याची निवड त्याने माझ्या वयाकडे पाहून केली होती. जमिनीला चढउतार आला की कालव्याला पाण्याच्या पायऱ्या कराव्या लागतात. दोन्ही टोकांना भक्कम दरवाजे असलेला दगडी हौद बांधतात. नाव आत घ्यायची, दार लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे, की नाव वर चढते किंवा खाली उतरते. याला लॉक म्हणतात. वल्ह्यांच्या लहान होडीला बहुधा हा मार्ग खुला नसतो. ती काठावर ओढून काढायची आणि पुढे उचलून नेऊन पुन्हा पाण्यात सोडायची. प्रेस्टन ते टेविटफील्ड या एकेचाळीस मैलांत, म्हणजे सुमारे सहासष्ट किलोमीटरांत, एकही लॉक नाही. जॉन रेनी या अभियंत्याने जमिनीची एकच पातळी धरून कालवा नेला. टेकडी आली की तिला वळसा, ओढा आला की त्यावर पूल. म्हणून हा कालवा एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा रमतगमत चालतो. १७९२ साली त्याला संसदेची परवानगी मिळाली आणि १७९७ साली हा भाग सुरू झाला.

व्यापारी वाचकांना त्याचे प्रयोजन लगेच पटेल. दक्षिणेकडे कोळसा होता, उत्तरेकडे चुनखडी. कोळसा वर जाई, चुनखडी खाली येई, नावा दोन्ही फेऱ्यांत भरलेल्या. रिकामी फेरी म्हणजे नुकसान, हे आडत्याच्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. काळा माल आणि पांढरा माल, म्हणून लोक याला काळा-पांढरा कालवाच म्हणत.

पहिल्या दिवशी सकाळी सूनबाईंनी डबे भरून दिले : दशम्या, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, गोडपापडी. शेजारच्या सुतारकाकांनी मला अर्धा तास शिकवले. वल्हे हातांनी ओढायचे नसते. पाय रोवून पाठीने ओढायचे. पाते पाण्यात पुरते बुडेल इतकेच, अधिक खोल नाही. खोल गेले तर पाणी ते धरून ठेवते आणि दांडा येऊन छातीवर बसतो. पहिल्या मैलात असे माझे चार वेळा झाले. चौथ्या वेळी मी फळीवरून मागे कोसळलो आणि काठावरच्या दोन म्हाताऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. चिरंजीव म्हणाला, "बाबा, पडलात तर घाबरू नका, नुसते उभे राहा. पाणी छातीपर्यंतच आहे."

होडीत बसण्याची एक रीत मला तिथेच कळली. वल्हवणारा नेहमी पाठमोरा बसतो. कुठे चाललो हे त्याला दिसत नाही, फक्त मागे पडलेला कालवा दिसतो. सुकाणूची दोरी धरणारा त्याच्या समोर, होडीच्या शेपटाशी, तोंड पुढे करून बसतो. दोघांचे गुडघे जवळजवळ एकमेकांना टेकतात. आम्ही तासातासाने जागा बदलत होतो, तरी चेहरे मात्र समोरासमोरच राहत. मुलगा दहावीत गेल्यापासून मी त्याचा चेहरा इतका वेळ सलग पाहिला नव्हता. त्याच्या कानशिलावर केस पांढरे होऊ लागले आहेत, हेही मला तिथेच कळले.

शहराबाहेर पडल्यावर दोन्ही बाजूंना कुरणे लागली. गाई काठावर येऊन आमच्याकडे टक लावून पाहत. पुलांच्या दगडी कमानीखालून जाताना वाट अरुंद होई. तेव्हा वल्ही आत ओढून घ्यायची आणि होडी आपल्या वेगाने पुढे जाऊ द्यायची. कमानींच्या कडांवर दगडात बोटभर खोल घळी पडल्या आहेत. काठच्या वाटेवरून घोडे नावा ओढीत, त्यांच्या ओल्या दोरांनी वर्षानुवर्षे घासून त्या पडल्या. एका घळीत मी बोट घालून पाहिले. आमच्या दुकानाच्या उंबऱ्यावर पोती ओढून ओढून असाच खोलगट भाग झाला आहे.

पहिला मुक्काम बिल्सबरो गावात झाला. होडी साखळीने काठाला बांधली, वल्ही खांद्यावर घेतली आणि खानावळीत खोली मागितली. वल्ही खोलीत न्यायला परवानगी मिळेपर्यंत दहा मिनिटे गेली. आता प्रश्न चौविहाराचा. घड्याळात साडेसात वाजले होते आणि ऊन अंगणात होते. जूनमध्ये त्या भागात सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. भाऊंचा फोन आला तेव्हा मी सांगितले, "नऊ वाजलेत, आत्ता जेवतोय." पलीकडे शांतता पसरली. मग ते म्हणाले, "दिवस आहे ना? मग जेव." आमच्या घराण्यात रात्री नऊला उघडपणे जेवलेला मी पहिलाच असेन. मालकीणबाईंनी बटाट्याला पर्याय म्हणून वाटाणे उकडून दिले, दशम्या गरम करून दिल्या, आणि चटणीची चव घेऊन एक वाटी मागून घेतली.

दुसरा दिवस पावसाचा. तळहातांवर फोड आले होते. त्यांवर चिकटपट्ट्या लावून कसेबसे गार्स्टँगपर्यंत पोहोचलो आणि तिथेच थांबलो. हे छोटे बाजारगाव एका गोष्टीसाठी जगात पहिले ठरले आहे. कोको, कॉफी, केळी पिकवणाऱ्या दूरदेशीच्या शेतकऱ्यांना रास्त दर देऊनच घेतलेला माल वापरायचा, असे दुकानदार, शाळा आणि चर्च यांनी ठरवले आणि २००० साली या गावाने स्वतःला रास्त व्यापाराचे गाव म्हणून जाहीर केले. पुढे जगभर शेकडो गावांनी तो मार्ग धरला. जवळचे लँकेस्टर अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारात इंग्लंडच्या मोठ्या बंदरांपैकी एक होते, हे लक्षात घेतले की या छोट्या गावाच्या ठरावाचे वजन कळते.

पावसात खिडकीशी बसून मी मुलाला बँकेच्या गोष्टी सांगत होतो. बोलता बोलता वहीपूजनाचा विषय निघाला. माझे अक्षर चांगले म्हणून लहानपणापासून दिवाळीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्रीची उतरंड अण्णा माझ्याकडूनच लिहून घेत. बँकेत लागलो तरी ते बंद झाले नाही. कुठेही बदली असो, दिवाळीला मी बार्शीत असे, आणि अण्णा वही व दौत माझ्यापुढे ठेवत. भाऊंना त्यांनी कधी लिहायला सांगितले नाही.

चिरंजीवाने विचारले, "आजोबांनी तुम्हाला कधी परत ये म्हटलं होतं का?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"म्हटलं असतं तर?"

मी चहा संपल्याचे निमित्त करून उठलो.

तिसऱ्या दिवशी ऊन पडले. रेनीने वायर नदीवर बांधलेल्या एका कमानीच्या पुलावरून कालवा आधीच पार झाला होता. खाली नदी, वर आमची होडी. पुढे वाटेत बे हॉर्स नावाचा भाग लागतो. तिथली एक हकीकत जुन्या बँकवाल्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८३३ साली या कालव्यावर प्रवाशांसाठी वेगवान नावा सुरू झाल्या. घोडे धावत ओढीत आणि काही मैलांवर बदलले जात. लवकरच रेल्वे आली. सगळीकडे रेल्वेने कालवे गिळले. इथे मात्र उलट झाले. १८४२ साली कालव्याच्या कंपनीने प्रेस्टन-लँकेस्टर रेल्वेच भाड्याने घेतली! पुढे उत्तरेकडून दुसऱ्या कंपनीच्या गाड्या आल्या आणि करार न करता या रुळांवरून धावू लागल्या. दोघे आपापल्या वेळापत्रकाने गाड्या सोडत. शेवटी १८४८ साली बे हॉर्स स्थानकावर थांबलेल्या गाडीवर मागून दुसरी आदळली, एक बाई दगावली, आणि मगच हिशेब करायला सारे टेबलाशी बसले. कागद नसलेला व्यवहार किती दिवस चालतो, याची असली उदाहरणे मी नोकरीत कर्जांच्या फायलींत पाहिली आहेत. फक्त तिथे आगगाड्या नव्हत्या.

त्या दिवशी गॅलगेटपर्यंत मजल मारली. तिथून ग्लासन बंदराकडे जाणारा १८२६ सालचा एक फाटा आहे. सहा लॉकमधून तो समुद्राकडे उतरतो. सहा आकडा ऐकून माझ्या पाठीने नकार दिला. संध्याकाळी एका हंसाने आमचा रस्ता अडवला. मागे त्याची मादी आणि चार पिल्ले होती. पंख उभारून तो फूत्कारत आला. आम्ही वल्ही आत घेऊन काठाशी चिकटून बसलो, ते कुटुंब निघून जाईपर्यंत वीस मिनिटे.

चौथा दिवस लूनच्या पुलाचा. लँकेस्टर शहर मागे पडले की कालवा वळतो आणि एकदम झाडी संपते. लून नदीवर पाच दगडी कमानी, आणि त्यांच्यावरून सुमारे साठ फूट उंचीवर कालवा नदी ओलांडतो. होडी मधोमध थांबवून मी कठड्यावरून वाकून पाहिले. खाली नदी आपल्या वेगाने वाहत होती आणि तिच्या माथ्यावर दुसरे पाणी निश्चल उभे होते. पाण्याखाली घट्ट होणारा चुना तयार व्हावा म्हणून इटलीहून ज्वालामुखीची माती आणली होती. दोनशेहून अधिक वर्षे झाली, पूल अजून पाणी धरून आहे.

पण खर्च? ४८,३२० पौंड. मूळ अंदाजाच्या दुपटीहून जास्त. आणि याच आकड्यात या कालव्याचे नशीब लपले आहे. मूळ योजनेत प्रेस्टनपाशी रिबल नदीवरही असाच पूल व्हायचा होता. तो झाला असता तर हा कालवा दक्षिणेकडील भागाशी जोडला गेला असता. लूनने तिजोरी रिकामी केली आणि रिबलचा पूल राहिला तो राहिलाच. तात्पुरती सोय म्हणून १८०३ साली पाच मैलांची घोड्यांची रूळगाडी सुरू केली; माल नावेतून उतरवायचा, गाडीत भरायचा, पुन्हा नावेत. ही 'तात्पुरती' सोय अर्धशतकाहून अधिक चालली. शेवटी २००२ साली, म्हणजे कालवा सुरू झाल्यावर दोनशे पाच वर्षांनी, नऊ लॉकचा एक नवा मार्ग काढून हा कालवा रिबल नदीत उतरवण्यात आला.

मी कर्ज मंजूर करणारा अधिकारी म्हणून त्या पुलाकडे पाहत होतो. माझ्या टेबलावर हा प्रस्ताव आला असता तर वाढीव खर्च मी नाकारला असता. आणि मग हा पूल नसता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या. पुलावर लॅटिनमध्ये एक लेख कोरलेला आहे. दूरदूरच्या गोष्टी इथे जोडल्या गेल्या, अशा आशयाचा. मुलाने अर्थ सांगितला आणि दोघेही हसलो, कारण जोडायचे तेच पैशांअभावी राहून गेले होते.

"पण बाबा," तो म्हणाला, "जोडलेला नसतानाही दोनशे वर्षं चाललाच की."

मला वाटले, हा कालव्याविषयीच बोलतोय ना?

त्या रात्री मुक्काम हेस्ट बँक येथे. कालवा तिथे समुद्राच्या अगदी जवळून जातो. मोरकम उपसागराला ओहोटी लागली की मैलोन्‌मैल वाळू उघडी पडते; रेल्वे येण्यापूर्वी प्रवाशांच्या घोडागाड्या इथूनच त्या वाळूवरून पलीकडच्या काठाला जात, आणि भरतीने गाठले तर परतत नसत. साडेआठ वाजता लवकर जेवून (माझ्या दृष्टीने लवकर!) आम्ही काठावर बसलो. पुन्हा विचारणे टाळणे शक्य होते. भाऊंना सांगता आले असते की योग आला नाही. पण गार्स्टँगच्या खिडकीतला त्याचा प्रश्न दोन दिवस माझ्यासमोर बसून वल्हवत होता.

मी म्हणालो, "परवा तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. अण्णांनी ये म्हटलं असतं, तरी मी आलो नसतो. बँक सोडली नसती. पण त्यांनी म्हटलं नाही, हे मला आजही लागतं. त्यांना मी तिथे नको होतो की माझा नकार ऐकायचा नव्हता, हे मला कधीच कळलं नाही. त्यांना विचारायला ते आता नाहीत." थोडा थांबलो. "म्हणून तुला विचारतो. भाऊंनी सांगितलंय म्हणून नाही, मी विचारतोय. बार्शीला येऊन दुकान बघशील का?"

तो बराच वेळ वाळूकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "नाही, बाबा. माझं काम मला आवडतं. मुलाची शाळा इथे आहे. आणि खरं सांगू का, मला आडत येत नाही. मी कंपनीच्या पैशाने खरेदी करतो. काका स्वतःच्या शब्दावर करतात. ते मला जमणार नाही." पुढे हळूच म्हणाला, "पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. मी चार वर्षं वाट बघत होतो."

चार वर्षे. म्हणजे माझ्या निवृत्तीपासून.

पाचवा दिवस आम्ही फारसे न बोलता वल्हवला, पण ते न बोलणे जड नव्हते. माझे वल्हे आता पाण्यात अडकत नव्हते. बोल्टन-ले-सँड्स, कार्नफर्थ मागे पडले. दुपारी टेविटफील्डला कालवा एकदम संपला. पुढे आठ लॉकची रांग आहे, पण त्यांत आता नावा जात नाहीत. १९६८ साली एम-६ महामार्ग करताना कालवा ठिकठिकाणी बुजवला गेला. बंद पडलेल्या लॉकच्या बाजूला उभे राहिले की महामार्गावरच्या गाड्यांचा घरघराट ऐकू येतो. सुतारकाका गाडी आणि ट्रॉली घेऊन आले होते. तिघांनी मिळून होडी उचलली. त्यांनी सगळीकडे हात फिरवून पाहिले, एका जागी थांबले, आणि लाकडावरच्या लांब ओरखड्याकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशीच्या पावसात एका पुलाखाली मी ती घासली होती. मी भरपाईचे विचारताच ते म्हणाले, वसंतात वार्निश लावताना या, ब्रश मी देतो.

घरी पोहोचल्यावर भाऊंना फोन लावला.

"विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

मी जसेच्या तसे सांगितले. शब्दावर खरेदी करण्याचे वाक्यही सांगितले. पलीकडे काट्यावरच्या हमालांचा आवाज येत होता. भाऊ अजून दुकानातच होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "शहाणा आहे. आपल्या दिवाणजींचा मुलगा सात वर्षं काट्यावर आहे, त्याला भागीत घ्यावं असं माझ्या मनात होतं. पण आधी घरात विचारल्याशिवाय कसं घेणार?" आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "दिवाळीला येशील ना? वही लिहायची आहे."

"हात जरा सोलवटलेत," मी म्हणालो. "तोवर बरे होतील."